वाजणारं दार

आमच्या घरी रात्री नऊला सगळे झोपलेले असतात. त्यामुळे साडेनऊनंतर आईचा फोन आला की माझ्या पोटात गोळा येतो. गेल्या ऑक्टोबरात असाच आला. मी हिंजवडीत ऑफिसच्या बाहेर रिक्षाची वाट बघत उभी होते.

"काही नाही गं," आई म्हणाली. "दाराची कडी बसंना झालीय. तुला विचारायचं होतं, असलं काही ऑनलाइन मिळतं का?"

मी हसले. कुणाला तरी बोलावून ठोकून घे म्हणाले. तेव्हा तिनं सांगितलं की आठवडाभर ती रोज रात्री दाराला आतून बाजरीचं पोतं लावून झोपतेय. आणि परवा शेजारच्या मळ्यातली शेळी बिबट्यानं नेली. दोन्ही गोष्टी तिनं एकाच सुरात सांगितल्या, भाजीचा भाव सांगावा तशा. रिक्षा आली, मी बसले आणि घरी पोचेपर्यंत डोक्यात फक्त ते पोतं होतं.

शनिवारी सकाळी मी गावी गेले.

आमचं गाव आंबेगाव तालुक्यात, मंचरपासून आत. पण आम्ही मूळचे तिथले नाही. आम्ही खुद्द आंबेगावचे. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं ते जुनं आंबेगाव आज डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. नकाशात तिथं निळा डाग दिसतो आणि त्याचं सरकारी नाव हुतात्मा बाबू गेनू सागर. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावाचे अवशेष उघडे पडतात, लोक फोटो काढायला जातात. पाणी चढायला लागलं तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, बैलगाडीत तीन गोष्टी घातल्या. देव, जातं आणि घराचं दार. बाकी सगळं नंतर घेता येईल, असा त्यांचा हिशोब असावा.

तेच दार आज आमच्या स्लॅबच्या घराला आहे. दोन फळ्यांचं, सागाचं, दोन इंच जाड, पाठीमागून आडव्या पट्ट्या मारलेलं. घर नवं, फरशी नवी, टीव्ही नवा आणि दार मात्र पणजोबांच्या वेळचं. कॉलेजात असताना मला त्याची लाज वाटायची. आता तसलं दार लोक कॅफेत टेबल करायला विकत घेतात.

त्या दाराला मुळात बिजागरी नव्हतीच. प्रत्येक फळीच्या एका कडेला वर आणि खाली लाकडाचाच गोल खुंट काढलेला होता. खालचा खुंट उंबऱ्याच्या दगडातल्या खळगीत बसायचा, वरचा चौकटीच्या भोकात. फळी त्या दोन खुंटांवर फिरायची. किल्ल्यांचे मोठे दरवाजे असेच फिरत. यात गंमत अशी की दाराचं सगळं ओझं खालच्या दगडावर असतं. चौकटीनं फक्त फळी उभी धरायची. म्हणून असं दार पिढ्यान् पिढ्या झुकत नाही. खुंट झिजतो, थोडं तेल मागतो, एवढंच.

नव्या घरात दगडी उंबरा नव्हता. गवंड्यानं सिमेंटचा पट्टा ओढला, सुतारानं दोन्ही खुंट कापून टाकले आणि फळ्यांना साध्या लोखंडी बिजागऱ्या मारल्या. त्या दिवसापासून जे ओझं जमिनीवर टेकलं होतं ते चौकटीला लटकायला लागलं.

हा फरक मला त्या शनिवारी कळला. चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, बलांच्या आकृत्या काढून पेपर सोडवले, पण घरच्या दाराकडे कधी त्या नजरेनं पाहिलं नव्हतं.

हिशोब सोपा आहे. एक फळी साडेसहा फूट उंच, दोन फूट रुंद, दोन इंच जाड. सागाचं लाकूड घनमीटरला साधारण ६५० किलो भरतं. म्हणजे नुसतं लाकूड ४० किलोच्या आसपास. पट्ट्या, कड्या, जुने खिळे धरले तर ४५. हे झालं खाली जाणारं ओझं. पण फळी एका बाजूनंच धरलेली असते, त्यामुळे तिला पुढे कलंडायचं असतं. तिचं वजन बिजागरीपासून फूटभर लांब आहे आणि वरची-खालची बिजागरी एकमेकींपासून सुमारे पाच फुटांवर. गुणाकार-भागाकार केला की वरच्या बिजागरीला चौकटीतून बाहेर खेचणारी ओढ निघते साधारण ९ किलो. फार नाही. पण ती दिवसरात्र असते, सुट्टी घेत नाही. शिवाय लहानपणी मी कडीला लटकून झोके घेतलेत, ते वेगळंच.

मी फळीची मोकळी कड दोन्ही हातांनी वर उचलली. ती बोटभर हलली. वरच्या बिजागरीचे दोन स्क्रू मी चिमटीत धरून बाहेर काढले, पेचकस लागलाच नाही. खालच्या बिजागरीखाली फरशीवर काळी पूड पडली होती. लोखंडावर लोखंड घासून पडते ती. आई ती रोज झाडून टाकत होती.

म्हणजे दुखणी दोन होती. एक, ओझ्यानं बिजागरीच्या नळ्या एकमेकींवर झिजल्या आणि फळी खाली बसली. दोन, ओढीनं स्क्रू सैल झाले आणि फळी पुढे कलली. दोन्ही मिळून कडीचं टोक कोयंड्याच्या अर्धा इंच खाली आलं होतं. आमचं दार आत उघडतं. बाहेरून काही रेटलं तर आतली कडी हाच काय तो अडथळा. जुन्या घरात भिंतीत सरकणारा लाकडी अडसर होता. नव्या घराच्या भिंती त्याच्या जाडीच्या नाहीत.

बिबट्या दार ढकलतो का, असं पुण्यातले मित्र विचारतात. सहसा नाही. त्याला माणसात यायचं नसतं. पण आमच्या ओट्याच्या कोपऱ्यात कुत्रं झोपतं, शेजारी शेळ्या, आणि अंगणाच्या कडेपासून ऊस सुरू होतो. जुन्नर वन विभागातले चारही तालुके, जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर, असेच आहेत. धरणं झाली, कालवे आले, कालव्यांनी ऊस आणला आणि उसानं बिबट्याला वर्षभर लपायला जागा दिली. त्याच्या कित्येक पिढ्या आता उसातच जन्मल्यात. तोड सुरू झाली की सरीत पिल्लं सापडतात. आमच्यापुरतं बोलायचं तर ज्या धरणानं जुनं घर घेतलं त्याच्याच पाण्यानं नव्या घराच्या दाराशी जनावर आणून ठेवलं. त्याच पाण्यावर माझी इंजिनिअरिंगची फी भरली, हेही खरं. त्यामुळे कुणाला शिव्या द्यायच्या ते ठरत नाही.

दुपारी मी मंचरला हार्डवेअरच्या दुकानात गेले. ऑफिसात एकानं सांगितलं होतं, बॉल बेअरिंगवाल्या बिजागऱ्या घे. साध्या बिजागरीत एका नळीवर दुसरी नळी थेट टेकलेली असते आणि दार फिरलं की घासते. बेअरिंगवालीत दोन नळ्यांच्या मध्ये एक जाडसर कडं असतं, त्यात बारीक पोलादी गोळ्या. ओझं गोळ्यांवर येतं आणि गोळ्या घरंगळतात. घासण्यापेक्षा घरंगळणं सोपं, एवढंच त्याचं शास्त्र. वेल्समधल्या फिलिप व्हॉन नावाच्या लोखंडवाल्यानं १७९४ मध्ये याचं पेटंट घेतलं ते घोडागाडीच्या आसासाठी. आमच्या तालुक्यातली निम्मी पोरं चाकण, भोसरी, चिंचवडच्या कारखान्यांत जातात, त्यांतली काही बेअरिंगच बनवतात. तरी घरोघरच्या दारांना त्या साध्याच बिजागऱ्या.

दुकानदारानं तीन प्रकार समोर टाकले. तिन्हींना तो बेअरिंगच म्हणत होता. एकातलं कडं मी नखानं फिरवून पाहिलं तर ते नुसतं वायसर निघालं, वरून गोळ्यांच्या कड्यासारखं दिसणारं. खरं कडं वेगळं फिरतं. बिजागरी उभी धरून वरून अंगठ्यानं दाबायची आणि उघडझाप करायची. दाबाखाली अडखळली तर परत द्यायची. मग मी चुंबक काढलं. दुकानदार हसला आणि म्हणाला, "ताई, चुंबकानं लोखंड कळेल, स्टीलचा दर्जा नाही कळायचा." बरोबर होतं त्याचं. ३०४ आणि त्याहून स्वस्त २०२, दोन्ही चुंबकाला जवळपास सारखीच दाद देत नाहीत. २०२ ला गंज लवकर चढतो, पण ते पावसाळ्यातच कळतं. तेव्हा छाप आणि बिल बघूनच घ्यायचं. मी पाच इंची, ३ मिलिमीटर जाडीच्या सहा घेतल्या, एका फळीला तीन. चार इंचीनंही भागलं असतं. पण दार दोन इंच जाड असल्यामुळे स्क्रूची भोकं फळीच्या कडेपासून आत पडायला हवी होती, म्हणून मोठी. साध्या बिजागरीच्या दुपटीहून जास्त पैसे गेले.

गावातले सुतार, त्यांना सगळे तात्या म्हणतात, माझ्या पिशवीत डोकावून म्हणाले, "चांगल्यात. पर ह्यानं दार झुकायचं थांबत न्हाई."

"का?"

"गोळ्या ओझं फिरवत्यात. ओढ कोन धरनार? स्क्रूच ना?"

मी वहीत दोन पानं भरून जे काढलं होतं ते तात्यांनी उभ्या उभ्या सांगितलं. जुने स्क्रू सव्वा इंची होते. तात्यांनी चौकटीच्या बाजूला अडीच इंची लावायला सांगितले. जुन्या भोकांत त्यांनी सागाच्या खुंट्या फेव्हिकॉल लावून ठोकल्या आणि निघून गेले. रात्रभर वाळू दे म्हणाले. त्या रात्री पोतं शेवटचं लागलं.

रविवारी फळ्या उतरवल्या. एक फळी उचलायला पप्पा, मी आणि तात्यांचा मुलगा, तिघं लागलो. तात्यांनी पटाशीनं बिजागरीच्या पत्र्याएवढीच खाच काढली, जास्त नाही, कमी नाही. प्रत्येक स्क्रूआधी बारीक ड्रिलनं भोक पाडलं आणि स्क्रूच्या आट्यांना मेणबत्ती घासली. भोक न पाडता सागात स्क्रू पिळला की त्याचं डोकं तुटून हातात येतं आणि बाकीचा कायमचा आत राहतो. तिसरी बिजागरी मी मधोमध लावणार होते. तात्यांनी ती वरचीच्या वीतभर खाली लावली. "ओढ वरती असती. मधली नुसती बघत बसती." फळीखाली पाचरी देऊन उंची जुळवली, वर आणि बाजूला सुमारे ३ मिलिमीटर फट ठेवली, पावसाळ्यात सागालाही फुगायला जागा लागते म्हणून.

संध्याकाळी दार लागलं. आईनं एका बोटानं ढकललं. ४५ किलोची फळी आवाज न करता गेली आणि थांबली. कडी कोयंड्यात बसली. आईनं ती पाच-सहा वेळा घातली आणि काढली. शेवटी पोतं उचलून मागच्या खोलीत नेलं. आबा ओट्यावर बसून हे सगळं बघत होते. मला म्हणाले, "पोरी, वाड्याचं दार हाय ह्ये." मी हो म्हणाले. त्यांनी परत तेच सांगितलं. आबांना तीन वर्षांपासून विसरायला होतं. कधी मी त्यांची नात असते, कधी बहीण.

सोमवारी ऑफिसात मी दाराचा व्हिडिओ सगळ्यांना दाखवला. आवाज बंद करून नाही, आवाज चालू करून. कारण आवाज नव्हताच.

त्यानंतर नवव्या दिवशी पहाटे पावणेसहाला पप्पांचा फोन आला. आबा घरात नव्हते.

काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. पप्पा दोनला उठून पंप चालू करायला गेले, दार ओढून घेतलं. एरवी ते गेले की आई उठायची, कडी लावायची आणि ते आल्यावर काढायची. त्या रात्री ती उठलीच नाही. पप्पा चारला परत आले तर दार हातभर उघडं. त्यांना वाटलं आपलंच नीट लागलं नसेल. कडी लावून ते झोपले. साडेपाचला आई चूल पेटवायला उठली तेव्हा आबांची बाज रिकामी होती.

ते सापडले सव्वासहाला. डेअरीला दूध घेऊन निघालेल्या एका पोरानं त्यांना कालव्याच्या पुलाच्या कठड्यावर बसलेलं पाहिलं. अंगावर घोंगडी, हातात काठी, पायात काही नाही. दोन्ही बाजूंना पुरुषभर ऊस. त्यांनी पोराला विचारलं, आंबेगावची गाडी किती वाजता येते. पोरगं शहाणं होतं. आत्ता येईल म्हणालं, बसा माझ्या मागं, स्टँडवर सोडतो. आणि घरी घेऊन आलं.

त्यांना काही झालं नव्हतं. तळपायात बाभळीचे दोन काटे होते, ते आईनं सुईनं काढले. पप्पा ओट्यावर बसून राहिले, दिवसभर रानात गेले नाहीत.

मी दुपारी पोचले. आई मला म्हणाली, "दार वाजलं असतं तर मी उठले असते." आरोप नव्हता त्यात. ती स्वतःच नवल करत होती. तीन वर्षं ती त्या आवाजानं जागी होत होती आणि हे तिला त्या दिवशीच कळलं. मला तिनं आधी सांगितलं नाही, कारण तिलाच ठाऊक नव्हतं. मग ती सांगत गेली. पप्पा गेले की दार एकदाच वाजायचं, झटक्यात. ती झोपेतच कडी लावून यायची. आबा उठले की दार लांब वाजायचं, रडल्यासारखं. तेव्हा ती पूर्ण जागी व्हायची आणि अंधारातूनच हाक मारायची, "आबा, कुठं?" की ते परत फिरायचे. अशा किती रात्री गेल्या, तिला मोजता येईनात.

त्यालाही शास्त्र आहे. लोखंडावर लोखंड घासताना ते आधी चिकटतं, मग सुटतं, परत चिकटतं, परत सुटतं. सेकंदाला शेकडो वेळा असं झालं की कान त्याला आवाज म्हणतो. व्हायोलिनची तारही गजाखाली अशीच वाजते. जोरात ढकललं तर चिकटायला वेळ मिळत नाही. हळू ढकललं की चांगलं वाजतं. आबांचे हात थरथरतात, ते दार इंचाइंचानं उघडतात. म्हणून त्यांच्या हातून ते सगळ्यांत जास्त वाजत होतं.

माझ्या कामात ही चूक इतकी नेहमीची आहे की तिच्यावर विनोद होतात. एखादी जुनी खोड तुम्ही दुरुस्त करता आणि दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी फोन येतो, आमचं काम बंद पडलं, कारण त्यांचं काम त्या खोडीवरच चाललेलं असतं. म्हणून काहीही काढण्याआधी विचारायचं असतं, हे कोण वापरतंय? ऑफिसात मी हे नव्या पोरांना शिकवते. घरी विचारलं नाही. घरच्या दारावर कुणाचं काय चाललेलं असणार, असं मला वाटलं.

आमच्या भागानं ही चूक मोठ्या प्रमाणावर पाहिलीय. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत इथं बिबटे धरधरून दुसरीकडे नेऊन सोडले जात होते. शेळी जाते तिथला बिबट्या हलवला की झालं, असा सरळ विचार. विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नरच्या त्या काळाचा अभ्यास केला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. हलवाहलवी सुरू झाल्यावर माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले होते. माझं दार त्यापुढे किरकोळ आहे. पण तो अभ्यास वाचताना मला सारखी ती बाज आठवत होती.

मग उपाय सुरू झाले. मी आधी सेन्सर सुचवला, दार उघडलं की फोनवर सूचना. आमच्याकडे वाय-फाय म्हणजे पप्पांच्या फोनचा हॉटस्पॉट, आणि तो रात्री पप्पांबरोबर पंपावर असतो. मग बॅटरीवरचा अलार्म आणला, चुंबकाचा, दार हललं की किंचाळणारा. पहिल्याच रात्री तो वाजला आणि आबा दारातच खाली बसले, कानांवर हात घेऊन. त्यांना झोपवायला दोन तास लागले. आईनं सकाळी तो काढून माझ्या बॅगेत ठेवला.

पप्पा म्हणाले, आतून कुलूप लावू, किल्ली उशाखाली. आई नाही म्हणाली. रात्री आग लागली, कुणाच्या छातीत दुखलं, तर किल्ली शोधायची का? त्यावर मी म्हणाले, मग दुसरी कडी लावू, वर, आबांचा हात पोचणार नाही अशी. आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "लाव. पण त्यांना बाहेर जायचं असलं तर मला उठवावं लागंल, एवढंच. कोंडून नाही ठेवायचं." जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, पिंजऱ्यात धरलेले बिबटे तिथं ठेवतात. शाळेची सहल गेली होती तेव्हा आबाही बरोबर आले होते. जाळीपलीकडे येरझाऱ्या घालणारं ते जनावर बघून त्यांनी मला लगेच बाहेर नेलं होतं. आईला ते आठवलं की नाही माहीत नाही. मला आठवलं.

आवाजाचं उत्तर शेवटी आईनंच काढलं. बैल विकले तेव्हा त्यांच्या गळ्यातली घुंगरमाळ माळ्यावर टाकली होती. तिच्यातली चार घुंगरं तिनं सुतळीत ओवली आणि फळीच्या मागच्या पट्टीला बांधली. पप्पा झटक्यात जातात तेव्हा चारही एकदम वाजतात. आबांनी उघडलं की एक वाजतं, थांबतं, मग दुसरं. आई दोन्ही ओळखते. आबा त्या आवाजाला घाबरत नाहीत. आयुष्यभर गोठ्यातून तोच ऐकत झोपलेत.

या गोष्टीला आता वर्ष झालं. दाराची निगा माझ्याकडे आहे. जूनच्या आधी आणि दिवाळीत, असं दोनदा करते. फळीची कड उचलून बघते, हलत नाही ना. सगळे स्क्रू हातानं आवळते, ड्रिलनं नाही, ड्रिलनं आटे मरतात. या दिवाळीत वरच्या बिजागरीचा एक स्क्रू पाव फेरा सैल निघाला, तेवढाच. कोरड्या फडक्यानं धूळ पुसते आणि प्रत्येक कड्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब देते, एकच. जास्त दिलं की धूळ धरून चिखल होतो आणि गोळ्या कुरकुरायला लागतात. जुन्या बिजागऱ्यांना आई खोबरेल घालायची. ते २४ अंशांखाली थिजतं आणि आमच्याकडे थंडीत रात्री त्याहून खूप खाली जातं. म्हणून आमचं दार हिवाळ्यात जास्त रडायचं. दिवाळीच्या रंगकामात बिजागऱ्यांवर चिकटपट्टी लावायला सांगते, रंग कड्यात गेला की बेअरिंग संपलं. आणि पावसाळ्यात दार घट्ट झालं तरी त्यावर रंधा मारू देत नाही. लाकूड फुगलेलं असतं, दसऱ्यापर्यंत आपोआप बसतं. तेव्हा तासलं तर हिवाळ्यात फट पडते.

सुतळी मात्र मी बघत नाही. ती आई दर दोन महिन्यांनी बदलते.

परवा मी घरी होते. रात्री तीनच्या सुमारास एक घुंगरू वाजलं, थांबलं, मग दुसरं. आबांनी आमची नजर चुकवून वरची कडी काठीनं ढकलली होती, एवढं डोकं अजून चालतं त्यांचं. आई उठायच्या आत मीच गेले. ते उंबऱ्यात उभे होते, एक हात फळीवर. बाहेर ऊस काळा दिसत होता.

"आबा, कुठं?"

त्यांनी फळी थोडी पुढे ढकलली, थोडी मागे ओढली. "हलकं झालंय दार," ते म्हणाले. "कुनी तेल घातलं?"

मी म्हणाले, मी. मग आम्ही दोघं ओट्यावर जरा वेळ बसलो, दिवा लावून. आत आल्यावर मी दोन्ही कड्या लावल्या.